वरच्या बाणाची साक्ष

"खोटं बोलू नकोस माझ्याशी!"

"मग खरं बोलतोय ते ऐकून तरी घे!"

"काय ऐकू? हिस्टरीत शटडाउन दिसतंय. लॉगिन तुझं, लॅपटॉप तुझा. आता काय, भुताने दाबलं?"

"भुताने दाबलं असतं तर बरं झालं असतं, वहिनी. भुताची नोकरी तरी जात नाही."

"जीभ बघा, जीभ! कात्रीला लाजवेल. एवढी अक्कल काल चालवली असतीस तर?"

"अगं, मी बाण दाबला. बाण! एंटर नाही मारला. किती वेळा सांगू?"

"एंटर न मारता हिस्टरीत ओळ कशी येईल? स्वतःच्या पायांनी चालत?"

धाकट्याने दोन्ही हात वर केले आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. खोली एवढीशी, तेव्हा रागाने जायचं म्हटलं तरी भिंतीपर्यंतच जाता येत होतं. खोलीत एक उंच लोखंडी सांगाडा, त्यात एकावर एक बसवलेल्या चपट्या पेट्या, त्यांतून लोंबणाऱ्या निळ्या-करड्या तारा, आणि सगळ्यांच्या पंख्यांची मिळून एकच घरघर. या पेट्यांना स्विच म्हणतात. दिव्याचं बटण नव्हे. छापखान्यातला प्रत्येक संगणक, प्रत्येक यंत्र जिथे तारेने येऊन मिळतं, ते हे ठिकाण. इथली एक ओळ चुकली की पलीकडच्या इमारतीत हत्तीएवढं छपाईयंत्र तोंड वासून उभं राहतं.

काल दुपारी ते तसंच उभं राहिलं होतं.

आणि आज जेवणाची सुट्टी संपली की साहेबांनी धाकट्याला केबिनमध्ये यायला सांगितलं होतं. तो अजून पक्का झालेला नव्हता. कच्च्या माणसाला काढायला साहेबांना कारण लागत नसे, इथे तर कारण आयतंच हातात आलं होतं. ते हातात दिलं होतं खुद्द त्याच्या वहिनीने.

वहिनीला छापखान्यात सगळे फौजदारीणबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिला ठाऊक होतं; पाठीमागे काय चाललंय हे तिला ठाऊक नाही असं क्वचितच घडे. तिचा स्वभावच तसा. चहा समोर आला की आधी कपाच्या तळाशी बोट फिरवून कप धुतलाय का ते बघायची. कुणी "सहज आलो होतो" म्हटलं की तिची भुवई वर. नवरा म्हणायचा, "ही माझ्या घोरण्याचाही पुरावा मागते." सासूबाई म्हणायच्या, "मागू दे. तुझं घोरणं मीसुद्धा ऐकलंय, मी साक्ष देईन."

आणि तिची ती तपकिरी पिशवी! तिच्यात पेचकस, चष्मा, डबा आणि स्विचला लावायची निळी चपटी केबल. हात धुवायला गेली तरी पिशवी खांद्याला. धाकट्याने एकदा गमतीने म्हटलं होतं, "वहिनी, ठेव ना जरा खाली. मी काय घेऊन पळणार आहे?" ती म्हणाली, "पळणारे आधी असंच विचारतात."

बावीस-तेवीस वर्षांची असताना ती या छापखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसायला आली. कोण कुणाशी बोलतंय, कोण मुद्दाम फोन उचलत नाही, कोण रजेवर असून बाजारात आहे, सगळं तिच्या कानावरून जायचं. संशयाचं रोपटं मुळात होतंच. तिथे त्याला खत मिळालं. मग बोर्ड गेला, संगणक आले, आणि "बाई, तुम्हाला तारांची सवय आहे" एवढ्या पात्रतेवर तिला या खोलीत टाकलं. ती शिकली. रडतखडत, पुस्तकं उलटी धरून, बाहेरून येणाऱ्या दुरुस्तीवाल्यांच्या मागे उभी राहून त्यांच्या बोटांकडे बघत शिकली.

त्यातली एक गोष्ट तिला पहिल्याच दिवशी आवडली होती. स्विचशी बोलायचं तर केबल लावायची, काळ्या पडद्यावर हुकमाची ओळ लिहायची आणि एंटर मारायचा. मारलेल्या ओळी स्विच ध्यानात ठेवतो. वरचा बाण दाबला की मागची ओळ पुन्हा समोर येते, आणखी दाबला की तिच्या मागची. नुसती येऊन उभी राहते. एंटर मारेपर्यंत काही करत नाही. आणि 'शो हिस्टरी' लिहिलं की झाडून सगळ्या ओळी क्रमाने हजर. लॉगआउट केलं की मात्र स्मरण पुसलं.

"काय सांगता!" ती त्या दुरुस्तीवाल्याला म्हणाली होती. "म्हणजे आधी कोण काय करून गेलं ते कळतं?"

"हो. कुणी लॉगआउट न करता गेलं असेल तर."

"आणि लोक जातात तसे?"

"नेहमी."

त्या दिवसापासून कुठल्याही स्विचला केबल लावली की तिचं बोट आधी वरच्या बाणावर जायचं. इतरांना त्याने टंकायचा त्रास वाचायचा. तिला त्यात माणूस सापडायचा. माणूस विसरतो, माणूस रंगवून सांगतो, हिस्टरी रंगवत नाही. असं ती म्हणायची आणि बहुतेक वेळा खरी ठरायची. म्हणून तर तिचा शब्द चालायचा.

धाकट्याला इथे तिनेच लावला. लग्न होऊन घरात आली तेव्हा हा दीर शाळेत होता, गुडघे फोडून यायचा आणि आईला सांगू नको म्हणून हिच्या पदराआड लपायचा. त्याला शिकवताना तिने पहिला धडा दिला तो हाच: "काम झालं की बाण दाबून मागे जा, काय काय मारलंस ते वाच. मी विचारीन. अडखळलास तर माझ्याशी गाठ आहे."

आणि ती विचारायचीच. तोही बिचारा वाचून तयार असायचा.

पण गेल्या काही दिवसांत वारं फिरलं होतं. स्वागतकक्षातली बाई एकदा कागदी पंख्याने वारा घेत म्हणाली, "तुमचे दीर भारी हुशार हं. साहेब म्हणे खूश आहेत. आता काय, तुमच्या खुर्चीत तेच बसणार." एवढंच. मनुष्य एरवी हसून सोडून देतो. फौजदारीणबाईंनी सोडलं नाही. मग तिला दिसू लागलं की धाकटा मधेच फोन घेऊन खोलीबाहेर जातो. हळू बोलतो. ती आली की, "बरं, ठेवतो" म्हणतो. कुणाशी बोलतो? साहेबांशी? खुर्चीबद्दल? पायाखालची जमीन कुणी हळूच सरकवतंय असं तिला वाटू लागलं, आणि तसं एकदा वाटलं की तिला जमिनीचा प्रत्येक तुकडा उचलून बघावा लागे.

काल प्लेट विभागाची तार बदलायची होती. छपाईचं पान आधी संगणकावरून धातूच्या प्लेटवर उतरतं. ती प्लेट यंत्रात चढते. ते काम जिथे चालतं त्या विभागाची ही तार. जेवणाच्या सुट्टीत धाकट्याने ती बदलली, स्विचवर तिची वाट एकदा बंद केली, पुन्हा चालू केली. शटडाउन, मग नो शटडाउन. सगळं सुरळीत. प्लेटवाल्यांनी सांगितलं, येतंय, उत्तम येतंय.

आणि सुट्टी संपल्यावर थोड्याच वेळात ती वाट पुन्हा बंद पडली. प्लेटवाले आधी आपल्याच यंत्राला बडवत बसले. पान उतरेना, छपाई थांबली. बाहेर गिऱ्हाइकाची गाडी औषधांच्या खोक्यांचे छापील पुठ्ठे न्यायला उभी होती, ती रिकामी परत गेली. साहेब स्वतः धावत या खोलीत आले, मागे चारपाच माणसं. धाकट्याच्या लॅपटॉपला केबल लावलेलीच होती. वहिनी पुढे झाली, सवयीने वरचा बाण दाबला, आणि ओळ समोर आली.

शटडाउन.

"बघा," ती म्हणाली. सगळ्यांसमोर बोट दाखवून म्हणाली. "चालू केल्यावर पुन्हा बंद केलंय यानं."

मग तिनेच नो शटडाउन मारून वाट उघडली होती. पण बोट दाखवलं ते दाखवलंच.

"वहिनी," आता भिंतीशी उभा असलेला धाकटा हळू आवाजात म्हणाला, "मी कशाला बंद करीन? सांग ना. मला काय मिळणार होतं?"

"मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही." म्हणत नव्हती, पण मनात ते होतंच, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती तारांकडे बघत राहिली. "चुकून झालं असेल. कबूल कर. मी साहेबांना सांगते, पोर आहे, फोनच्या नादात बोट पडलं. हातापाया पडते हवं तर."

"न केलेलं कबूल करू?"

"नोकरी वाचेल."

"वाचत नाही. तूच म्हणतेस, साहेब चुकीला माफ करत नाहीत. कबूल केलं तर निष्काळजी म्हणून जाईन, नाही केलं तर खोटारडा म्हणून जाईन. त्यातल्या त्यात मला खरं बोलून जाऊ दे."

"हिस्टरी खोटं बोलत नाही."

"अगं, हिस्टरी काय दाबलं ते सांगते! कुणी दाबलं ते सांगते का?"

"वा! म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर कुणीतरी येऊन दाबून गेलं. कोण? इथे येतं कोण? तू आणि मी."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि पंख्यांच्या घरघरीत जरा वेळ तसंच राहिलं.

ती घाईने पुढे म्हणाली, "तो फोन कुणाचा होता?"

"ते कशाला हवंय?"

"बघ! विचारलं की तोंड बंद. इथेच तर पाणी मुरतंय."

"वहिनी, प्रत्येक ठिकाणी पाणी मुरत नसतं. कधी कधी नुसती जमीन ओली असते."

एरवी या उत्तरावर ती हसली असती. आज तिने पिशवी खांद्यावर नीट ओढून घेतली आणि टेबलाकडे वळली. टेबलावर एक जुना स्विच पडलेला असे, शिकायला ठेवलेला. त्याला ना कुठली तार ना कुणाचं काम.

"ये इकडे," ती म्हणाली. "लाव केबल. काल काय केलंस ते जसंच्या तसं करून दाखव. एकेक हालचाल. मी बघते कुठे अडखळतोस ते."

"आता नाटक करायचं?"

"हो, नाटकच. खोटं बोलणारा दुसऱ्या प्रयोगात चुकतो."

धाकट्याने एक श्वास सोडला, खुर्ची ओढली, स्वतःचा लॅपटॉप जुन्या स्विचला जोडला. पासवर्ड टाकला. "हे बघ. तार बदलून झाली. मी आत आलो, प्लेटच्या वाटेवर गेलो." बोटं चालली. "शटडाउन. एंटर. बंद झाली. नो शटडाउन. एंटर. चालू झाली. प्लेटवाल्यांना फोन केला, ते म्हणाले येतंय."

"पुढे?"

"पुढे तू येणार होतीस. येऊन विचारणार होतीस काय काय मारलंस. म्हणून मी तू शिकवलंस तसं बाण दाबून वाचायला लागलो." त्याने वरचा बाण दाबला. पडद्यावर नो शटडाउन उभं राहिलं. "हे शेवटचं. ठीक. मग त्याच्या आधीचं." पुन्हा बाण. शटडाउन. ओळीच्या शेवटी पांढरा ठिपका लुकलुकू लागला. "आणि तेवढ्यात फोन वाजला."

"मग?"

"मग उठलो. बाहेर गेलो."

"ओळ तशीच ठेवून?"

"तशीच. पुसायला हवी होती. ती चूक माझी, ती मी साहेबांसमोर कबूल करीन. पण एंटर मी मारला नाही."

"जा मग. बाहेर जा. जसा गेलास तसा. किती वेळ होतास?"

"बराच होतो." तो दारापर्यंत गेला, थांबला, मान वळवली नाही. "तिचा फोन होता. हिशेब कार्यालयात जी होती ना आधी, ती. तिच्या घरचे म्हणतात, मुलाची नोकरी पक्की झाली की लग्नाचं बघू. ती विचारत होती कधी होणार. मी म्हटलं, या महिन्यात नक्की. घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. तुला तर पहिल्यांदा सांगणार होतो."

दार लागलं.

ती खुर्चीच्या पाठीशी उभी राहिली. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती, कालच्यासारखीच: एक खांदा भिंतीला टेकलेला, डोकं खाली. काल तिने ती पाठ पाहिली होती. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत तो बोलत बोलत गेला होता, ती दुसऱ्या बाजूने आली होती, त्याला दिसली नव्हती. आणि तिला वाटलं होतं, बरं झालं. आता बघू तरी हा इथे काय करत बसतो.

समोर लॅपटॉपचा पडदा आधी मंद झाला, मग काळा पडला. बॅटरी वाचावी म्हणून धाकट्याने तो लवकर झोपेल असा लावून ठेवला होता.

काल ती आत आली तेव्हाही पडदा काळाच होता.

तिने हात पुढे केला. बोट आपणहून एंटरवर गेलं. इतक्या वर्षांची सवय. झोपलेल्या पडद्याला ती एंटरनेच उठवायची, आणि स्विच जागा आहे का बघायला लगेच दुसरा एंटर. एंटर, एंटर. दारावर दोनदा टकटक करावी तसं.

पहिल्याने पडदा उजळला. दुसऱ्याने ठिपका खालच्या ओळीवर उडी मारून गेला.

ती बघत राहिली. शटडाउन आता वर सरकलं होतं. मारलेल्या ओळींच्या रांगेत जाऊन बसलं होतं. क्षणभराने स्विचने आपल्या कोरड्या भाषेत खाली कळवलं की सदर वाट हुकमावरून बंद करण्यात आली आहे.

हा निरोप काल तिने वाचला नव्हता. काल पडदा उजळला आणि तितक्यात बाहेर पावलं वाजली. धाकटा परत येतोय म्हणून ती झटक्यात वळून सांगाड्यातल्या तारा मोजल्यासारखं करू लागली होती. पावलं दुसऱ्याच कुणाची होती, पुढे निघून गेली. तीही मग निघून गेली. लॅपटॉप उघडून बघायला गेले आणि काहीच मिळालं नाही, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं होतं. एंटर तिच्या ध्यानात राहिलाच नव्हता. श्वास घेतलेला कुणाच्या ध्यानात राहतो?

तिचं बोट अजून कीबोर्डवर होतं. तिने ते उचलून बघितलं. शाईचा डाग होता, तार सोलताना लागलेला जुना ओरखडा होता. याच बोटाने तिने काल सगळ्यांसमोर दाखवलं होतं.

दार उघडलं. "झालं का बघून? बघ, ओळ तशीच..." धाकटा जवळ आला, पडद्याकडे वाकला.

पंखे घरघरत होते. भिंतीवरचं घड्याळ सुट्टी संपत आल्याचं सांगत होतं. कॉरिडॉरमधून कुणीतरी हाक मारली, "धाकटे साहेब! मोठ्या साहेबांनी बोलावलंय!" आणि हसल्याचा आवाज आला. छापखान्यात बातमी शाईच्या वासाआधी पसरते.

"ही ओळ मारली गेलीय," धाकटा म्हणाला. "मी बाहेर होतो. म्हणजे..." त्याने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी पदराआडून बघायचा तसंच पाहिलं, फक्त या वेळी लपायला काही नव्हतं. "पडदा काळा झाला होता?"

तिने ते बोट मुठीत मिटून घेतलं.

"वहिनी. पडदा काळा झाला म्हणून तू एंटर मारलास. आत्ता. हो ना?"

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मग काल?" त्याचा आवाज खाली आला. त्यात राग नव्हता, आणि ते तिला जास्त लागलं. राग असता तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. "काल मी बाहेर गेल्यावर इथे कोण आलं होतं? तू म्हणालीस ना मघाशी, इथे येतं कोण, तू आणि मी. मी तर तिकडे होतो."

एक उत्तर तिच्या जिभेवर आलंही. पासवर्ड न लावता लॅपटॉप उघडा टाकून जातात का, हे. खरं होतं ते. अगदी नियमाला धरून होतं. साहेबांनाही पटलं असतं. ते तिने गिळलं, आणि त्याच्यामागून दुसरं आलं: मी आले होते, पण कशाला आले होते ते कसं सांगू? गुडघे फोडून येणारं पोर माझी खुर्ची काढून घेईल असं मला वाटलं, हे कुठल्या तोंडाने सांगू?

"वहिनी, आलं होतं का कुणी? हो किंवा नाही. मला आत जाऊन काहीतरी सांगायचंय."

तिने खांद्यावरची पिशवी काढली आणि त्याच्या लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवली. आत डबा होता, पेचकस होता, निळी केबल होती. पिशवीचं तोंड उघडंच राहिलं.

तिने दार उघडलं आणि कॉरिडॉरमध्ये, साहेबांच्या केबिनच्या बाजूला, चालू लागली.

"वहिनी! अगं, पिशवी राहिली तुझी! वहिनी, उत्तर तर दे!"